गजकर्ण, गोवा पावडर आणि पिंपरीची बाटली

रोग केवढा, तर रुपयाच्या नाण्याएवढा. आणि नाव काय, तर गजकर्ण! हत्तीचा कान! 'नायटा' हे दुसरं नाव निदान आकाराला शोभतं तरी. इंग्रजांनी त्याला 'रिंगवर्म' म्हटलं, म्हणजे गोल किडा, आणि किडा त्यात औषधालाही सापडत नाही. रोमन लोकांनी नाव दिलं 'टिनिया', म्हणजे लोकरीच्या कपड्यांना लागते ती कसर. यात रोमन मंडळींचा नेम त्यातल्या त्यात जवळ लागला म्हणायचा. कारण कसर काय किंवा गजकर्णाची बुरशी काय, दोघींचं जेवण एकच, केराटिन. केस, नखं, शिंगं, लोकर आणि कातडीचा वरचा मेलेला थर ज्या प्रथिनाने बनतो ते. जिवंत मांसाशी या बुरशीला सहसा काही देणंघेणं नसतं. ती आपली वरच्या वर चरत असते, आणि कडेकडेने चरत पुढे सरकते म्हणून चट्टा गोल दिसतो.

हे सगळं वाचायची वेळ आली ती कळवणच्या घरच्या मोत्यामुळे. मोत्या म्हणजे शुद्ध गावठी, सहा वर्षांचा, कांद्याच्या चाळीचा स्वयंघोषित वॉचमन. आमच्या कसमादे पट्ट्यात (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा, बाहेरच्यांसाठी खुलासा) उन्हाळ कांदा चाळीत भरला की तो दिवाळीच्या आगेमागेपर्यंत तिथेच असतो आणि मोत्याही तिथेच, बारदानावर. श्रावणात त्याच्या पुढच्या पायावर केस गेलेला एक गोल दिसला. मग नाकाच्या शेंड्यावर दुसरा. भावाने गावातल्या एका मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' आणली. चार दिवसांत लाली गेली, घरदार खूश. पंधरा दिवसांनी गोल दुप्पट झाला आणि डोळ्यापर्यंत पोचला. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा गोल. आमच्या हापिसातल्या भाषेत सांगायचं तर टिकट क्लोज, टिकट रीओपन.

गणपतीत पुतण्याच्या हातावर तसाच एक लाल गोल उमटला आणि प्रकरणाचा नूर बदलला. शेजारच्या आप्पांनी तर निकालच देऊन टाकला. "लूत लागेल शे त्याले, नांदुरीले सोडी या." नांदुरी म्हणजे सप्तशृंगी गडाच्या पायथ्याचं गाव, यात्रेकरू असतात, कुणीतरी भाकर घालेल, हा त्यामागचा हिशेब. आप्पा दुष्ट नाहीत. 'लूत भरलेलं कुत्रं' हा शब्दप्रयोग आपण माणसांसाठीही शिवी म्हणून वापरतो, इतकी ती किळस जुनी आहे. आईचा जीव नातवात अडकलेला, नानांचा कुत्र्यात. फोनवर दोन्ही बाजू मला ऐकवल्या जात होत्या, कारण 'तू कॉम्प्युटरवर बघ ना काय ते'.

तर बघितलं. आणि नेहमीप्रमाणे बघता बघता विषय कुत्र्यावरून दोनशे वर्षं मागे गेला.

आधी एक खुलासा. लूत वेगळी आणि गजकर्ण वेगळं. लूत हा डोळ्यांना न दिसणाऱ्या, कातडीत बीळ करून राहणाऱ्या किडीचा पराक्रम. त्यात कुत्रं खाजवून खाजवून वेडं होतं. गजकर्णात खाज कमी, कधी कधी नाहीच, फक्त केस तुटलेले गोल आणि कडेला कोंडा. तिसरी भानगड म्हणजे मॅलासेझिया नावाचं यीस्ट. कानात आणि बगलेत तेलकट मळ, कुबट वास, काळी पडलेली कातडी, ही याची लक्षणं. कुत्र्यांच्या कानात हमखास सापडणारं हे यीस्ट पहिल्यांदा ओळखलं गेलं ते कुत्र्यावर नव्हे, तर फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका भारतीय गेंड्याच्या कातडीवर, १९२५ साली. म्हणून त्याच्या नावात आजही 'पॅकिडर्मॅटिस' आहे, जाड कातडीच्या प्राण्याचं! कुत्र्याच्या वाट्याला हत्तीचं नाव आणि गेंड्याची बुरशी. :-)

माणसांच्या गजकर्णाची नोंद आपल्याकडे पार आयुर्वेदाच्या मूळ ग्रंथांपासून आहे. नाव 'दद्रु'. सुश्रुताने त्याला महाकुष्ठांत बसवलं, चरकाने क्षुद्रकुष्ठांत. म्हणजे रोगाचा सिव्हिअरिटी लेव्हल काय ठेवायचा यावर तेव्हाही एकमत नव्हतं. औषधांत एक वनस्पती ठळकपणे येते, चक्रमर्द, जिचं दुसरं नावच 'दद्रुघ्न'. ही कोण? तर आपला टाकळा. पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला माजतो, कोवळा असताना भाजी करतात, खानदेश-विदर्भाकडे तरोटा म्हणतात, तोच. त्याच्या बियांमध्ये क्रायसोफॅनॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. हे नाव जरा लक्षात ठेवा, पुढे ते वेष पालटून येणार आहे.

आता मला सापडलेली सगळ्यात रंजक गोष्ट. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गजकर्णावर एक जालीम पावडर मिळायची. नाव 'गोवा पावडर'. ताजी असताना पिवळट, हवा लागली की तपकिरी-जांभळट होत जाणारी. व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात कालवून लावायची. कातडी भाजल्यासारखी व्हायची, कपड्यांवर न निघणारे डाग पडायचे, पण गजकर्ण जायचं. १८६४ साली मुंबईचे औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी तिच्याबद्दल लिहिलं. गोव्याच्या लोकांकडून ती येते एवढं माहीत होतं, पण ती बनते कशापासून हे कोड्यातच होतं. विकणारे अर्थातच सांगत नव्हते. दर्याच्या काठावरचा हा क्लोज्ड सोर्स धंदा बरीच वर्षं सुखाने चालला.

१८७४ मध्ये जोसेफ फेरर या हिंदुस्थानात नोकरी केलेल्या सर्जनने लंडनच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात गोवा पावडरीवर लिहिलं. ते वाचलं तिकडे ब्राझीलमध्ये, बाहियातल्या दा सिल्वा लिमा नावाच्या डॉक्टरांनी, आणि त्यांनी ओळखलं की हे तर आमचं अरारोबा! बाहियाच्या जंगलात एक मोठं शेंगावर्गीय झाड आहे. त्याच्या खोडात चिरा आणि पोकळ्या असतात आणि त्यात ही पूड साठते. झाड पाडायचं, फोडायचं आणि आतली पूड खरवडून काढायची. काढणाऱ्या मजुरांचे डोळे आणि चेहरे सुजून यायचे. पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्याला यायची आणि गोव्याहून मुंबईला. काजूही ब्राझीलहून याच पोर्तुगीजांबरोबर आला. फरक इतकाच, की काजू आपण लावला आणि वाढवला. अरारोबाचं झाड तिकडेच राहिलं आणि गोव्याचं फक्त नाव लागलं.

पुढची गंमत अशी. लंडनमधले त्वचारोगतज्ज्ञ बालमॅनो स्क्वायर यांच्याकडे एक रुग्ण आला, जो आपल्याला गजकर्ण झालंय असं समजून गोवा पावडर लावत होता. त्याला होता खरं तर सोरायसिस. आणि तो चक्क बरा होत होता! स्क्वायरनी १८७६ पासून सोरायसिससाठी हे औषध जगासमोर आणलं. पावडरीतला कामाचा भाग आधी क्रायसोफॅनिक आम्ल म्हणजेच क्रायसोफॅनॉल समजला गेला. १८७८ मध्ये लीबरमान आणि सायडलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं, की मूळ पदार्थ वेगळा आहे, त्याचं नाव क्रायसारोबिन. त्याला हवा लागली की त्याचं क्रायसोफॅनॉल होतं. म्हणजे आपल्या टाकळ्यात असतं तेच. एक बाहियाच्या जंगलातलं झाड, एक कळवणच्या रस्त्याकडेचं गवत, दोन्ही शेंगावर्गीय आणि दोन्हींत सख्खी चुलत रसायनं. सुश्रुताच्या यादीतलं पान आणि मुंबईच्या बाजारातली पुडी रसायनाच्या पातळीवर अशी एकमेकांच्या शेजारी बसतात, हे वाचून मी शनिवारची दुपारची झोप सोडली यात नवल नाही.

पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल जर्मनीत पोचेना, तेव्हा तिथे क्रायसारोबिनला पर्यायी रसायन बनवलं गेलं. १९१६ साली ते वापरात आलं आणि डिथ्रॅनॉल या नावाने सोरायसिसच्या उपचारात टिकून राहिलं. गजकर्णासाठी मात्र गोवा पावडर मागे पडली.

(अवांतर: म्हणून मोत्याला टाकळा वाटून लावला का? नाही. कुत्र्याच्या अंगावर काहीही लावलं तर त्याचा पहिला विचार ते चाटण्याचा असतो.)

दरम्यान युरोपात हा रोग बुरशीमुळे होतो हे सिद्ध झालं होतं. आणि इथे एक गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत येत नाही. जंतूंमुळे रोग होतो याचे सुरुवातीचे पुरावे जिवाणूंचे नव्हते, बुरशीचे होते. १८३५ मध्ये इटलीत आगोस्तिनो बास्सी यांनी रेशीमकिड्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो हे दाखवलं. पाश्चर आणि कॉख यांचं नाव व्हायला तेव्हा अजून बराच अवकाश होता. पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी या हंगेरियन डॉक्टरने १८४१ पासून पुढची तीन-चार वर्षं डोक्यातल्या गजकर्णाचे केस सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यातल्या बुरशांची वर्णनं लिहिली. हेच ग्रुबी पुढे संगीतकार शोपँ वगैरे बड्या मंडळींचे डॉक्टर म्हणून प्रसिद्ध झाले आणि त्यांचं बुरशीवरचं काम पन्नासएक वर्षं धूळ खात पडलं.

ती धूळ झटकली रेमाँ साबुरो यांनी. १९१० मध्ये त्यांनी गजकर्णाच्या बुरशांवर एक दणदणीत ग्रंथ लिहिला. पेप्टोन आणि साखर घालून त्यांनी बुरशीसाठी जे आंबटसर खाद्य बनवलं, त्याच खाद्याच्या थाळीत आजही प्रयोगशाळा बुरशी वाढवतात. (साबुरो शिल्पकारही होते. वेळ कसा मिळायचा देव जाणे, त्यांना स्टँडअप मीटिंगा नसाव्यात.) कुत्र्या-मांजरांवरच्या 'मायक्रोस्पोरम कॅनिस'ला नाव दिलं १९०२ साली बोदँ या फ्रेंच संशोधकाने.

आणि वुडचा दिवा! रॉबर्ट वुड हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ. यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९०४ मध्ये फ्रान्सच्या नान्सी शहरात 'एन-किरण' नावाचे नवे किरण सापडल्याचा गाजावाजा चालू होता. वुड तिथे गेले आणि अंधाऱ्या खोलीत प्रयोग चालू असताना त्यांनी यंत्रातला लोलक गुपचूप काढून घेतला. प्रयोग करणाऱ्यांना तरीही किरण 'दिसत' राहिले! एन-किरण तिथेच संपले. टेस्टिंग म्हणजे काय हे समजावताना मी नव्या पोरांना हीच गोष्ट सांगतो. तर या वुडनी १९०३ च्या सुमारास अशी एक काच बनवली, जिच्यातून दिसणारा प्रकाश अडतो आणि अतिनील तेवढा पार होतो. १९२५ मध्ये मार्गारो आणि देव्हेझ या फ्रेंच डॉक्टरांना दिसलं, की या प्रकाशात काही गजकर्णांतले केस हिरवे चमकतात. आजही गुरांच्या डॉक्टरांकडे हा दिवा असतो. पण एक अट आहे. मायक्रोस्पोरम कॅनिसची लागण असेल तर बऱ्याचदा चमकतं, बाकीच्या बहुतेक बुरशा चमकत नाहीत. म्हणजे चमकलं तर बहुधा आहे. नाही चमकलं तर काहीच कळलं नाही.

मोत्याचं काही चमकलं नाही.

डॉक्टरांनी चट्ट्याच्या कडेचे केस उपटून आणि कोंडा खरवडून नाशिकला पाठवला. रिपोर्टला तीन आठवडे. "तीन आठवडे?" असं मी फोनवर ओरडलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "साहेब, बुरशी आहे ती. तिच्या वेगाने वाढेल."

या तीन आठवड्यांत मी उपचारांच्या इतिहासात शिरलो, आणि तो फार सुखाचा नाही. डोक्यातल्या गजकर्णावर जुना उपाय एकच, केस मुळापासून उपटणं. १९०४ मध्ये साबुरोंनी एक्स-रे मारून केस गाळायची पद्धत बसवली आणि ती जगभर गेली. इस्रायलमध्ये १९४८ ते १९६० या काळात, मुख्यतः उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून आलेल्या स्थलांतरितांच्या हजारो मुलांच्या डोक्यांवर असे किरण मारले गेले. पुढे त्यांच्यात मेंदूच्या आणि थायरॉइडच्या गाठींचं प्रमाण वाढलेलं दिसलं. १९९४ मध्ये तिथे त्यांच्या भरपाईसाठी कायदा करावा लागला. जीवघेणा नसलेल्या एका रोगापायी!

पोटातून घ्यायचं औषध सापडलं ते आधी कपाटात पडून राहून. १९३९ मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड रेस्ट्रिक यांच्या प्रयोगशाळेत एका पेनिसिलियम बुरशीतून ग्रिसिओफुल्विन वेगळं काढलं. जिवाणूंवर त्याचा उपयोग नव्हता, त्यामुळे ते बाजूला पडलं. १९४६ मध्ये पिकांवर काम करणाऱ्या ब्रायन यांना एक पदार्थ सापडला, ज्याने बुरशीचे तंतू पिळवटून वाकडेतिकडे होतात. तो नवा नव्हताच, तेच ते ग्रिसिओफुल्विन. मग १९५८ मध्ये ग्लासगोच्या जेंटल्स यांनी गजकर्ण झालेल्या गिनीपिगांना ते तोंडाने दिलं आणि ती बरी झाली. त्याच वर्षी वासरांवरही प्रयोग झाले. म्हणजे या औषधाची वाट जनावरांवरून माणसांपर्यंत आली. ते रक्तातून नव्याने बनणाऱ्या केसांत आणि कातडीत जाऊन बसतं. जुना, बाधित केस गळून जाईपर्यंत देत राहावं लागतं, म्हणून आठवडे आणि महिने लागतात. तुपातुधाबरोबर जास्त शोषलं जातं. गाभण कुत्रीला देत नाहीत, पिल्लांत व्यंग येतं. आता कुत्र्यांसाठी त्याची जागा बरीचशी इट्राकोनॅझोल आणि टर्बिनाफिनने घेतली आहे.

आणि मग रिपोर्ट आला. नॅनिझिया जिप्सिया. जुनं नाव मायक्रोस्पोरम जिप्सियम.

ही ना कुत्र्याची बुरशी, ना माणसाची. ही मातीची. जमिनीत पडलेले केस, पिसं, खुरांचे तुकडे खाऊन राहते. रेमाँ व्हानब्रेसेगेम या बेल्जियन शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये ती पकडायची एक सोपी युक्ती काढली. निर्जंतुक केलेले केस ओल्या मातीत ठेवून द्यायचे आणि काही आठवडे वाट बघायची. केसांवर बुरशीची लव येते. गळाला आमिष लावून मासा धरावा तसं. ही युक्ती वापरून जगभरच्या मातीतून या बुरशा काढल्या गेल्या. गाईगुरांचा वावर असलेली, ओली आणि केस-खूर मिसळलेली माती त्यांना मानवते. म्हणजे आमचं अंगण.

मोत्या चाळीखालचे उंदीर उकरून काढतो. नाक आणि पुढचे पाय. चट्टे कुठे होते? नाक आणि पुढचे पाय. रूट कॉज म्हणतात तो हा. आणि पुतण्या? तोही दिवसभर त्याच अंगणात गाड्या खेळतो. डॉक्टरांचं म्हणणं असं, की ही बुरशी कुत्र्याकडून माणसाला होऊ शकते, पण मायक्रोस्पोरम कॅनिसइतकी सहज नाही. पोराला थेट मातीतूनही झालेली असू शकते. हे वाक्य मी आईला, नानांना आणि (स्पीकरवर) आप्पांना, प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. नांदुरीचा विषय बंद झाला. चाळीतल्या कांद्यावरची काळी बुरशी याला कारण असेल असं नानांना वाटत होतं. ती अ‍ॅस्परजिलस नायजर, तिचा याच्याशी संबंध नाही. कांदा सुटला.

उपचार कंटाळवाणा होता, सांगण्यासारखं थोडकंच. पोटातून इट्राकोनॅझोल, आठवड्यातून दोनदा क्लोरहेक्सिडीन-मायकोनॅझोलच्या शाम्पूने अंघोळ आणि फेस दहा मिनिटं अंगावर ठेवायचा. दहा मिनिटं ओला कुत्रा धरून ठेवणं हा वेगळा क्रीडाप्रकार आहे. सगळी बारदानं जाळली, ओटा ब्लीचिंगच्या पाण्याने धुतला, कारण गळालेल्या केसांवरचे बीजाणू कोरड्या जागी महिनोन् महिने, कधी वर्षभराहूनही जास्त तग धरतात. केस परत आले तरी औषध थांबवायचं नाही, तपासणीत बुरशी दिसेनाशी होईपर्यंत द्यायचं. पुतण्याला त्याच्या डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं, तो महिन्यात बरा झाला. मोत्याला तीन महिने लागले.

आता पिंपरी.

रोग मातीतून येतो तसं औषधही बऱ्याचदा मातीतूनच येतं. १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसपासून निस्टॅटिन काढलं. माती हेझनच्या स्नेह्यांच्या शेतावरची. एक न्यूयॉर्कला, दुसरी ऑल्बनीला, आणि नमुने टपालाने जायचे-यायचे. इंटरनेट नसतानाचं रिमोट वर्किंग! औषधाला नाव दिलं न्यूयॉर्क स्टेटवरून. रॉयल्टीचे एक कोटीहून जास्त डॉलर दोघींनी संशोधनाला देऊन टाकले.

आपल्याकडे १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, मुख्य उद्देश पेनिसिलिन. पण तिथल्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार नावाचे गृहस्थ होते आणि ते मुळात बुरशीशास्त्रज्ञ, पिकांवरच्या बुरशांचे अभ्यासक. मातीचे नमुने तपासायचे आणि नवी प्रतिजैविकं शोधायची हा त्यांच्या चमूचा उद्योग. १९६१ मध्ये त्यांनी बुरशीविरुद्धचं एक नवं औषध जाहीर केलं, हॅमायसिन. 'हॅ' आणि 'मा'च्या आधीचं जे काही आहे ते हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या आद्याक्षरांतून आलेलं, आणि ते बनवणाऱ्या जीवाचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पुणे-मुंबई रस्त्यावरचं पिंपरी लॅटिन वेषात! तिथून कंपनीच्या बसने रोज जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे माहीत असेल?

पाठोपाठ गजकर्णावर वरून लावायचं डर्मोस्टॅटिन आलं आणि मग ऑरिओफंजिन. हे शेवटचं माणसांच्या नव्हे, पिकांच्या कामी आलं, द्राक्षं आणि लिंबूवर्गीय झाडांवरच्या बुरशीसाठी. नाशिक जिल्ह्यातल्या वाचकांना द्राक्षावरची भुरी म्हणजे काय हे सांगायला नको. एकाच प्रयोगशाळेतून माणसाच्या तोंडातल्या छाल्यांचं, कातडीच्या गजकर्णाचं आणि द्राक्षाच्या वेलीचं औषध यावं, कारण बुरशी ती बुरशीच. तिच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या आणि कुत्र्याच्या पेशीत कोलेस्टेरॉल. ही औषधं एर्गोस्टेरॉलला चिकटतात आणि आवरणाला भोकं पाडतात. पण दोन्ही स्टेरॉलं भावंडं असल्यामुळे नेम थोडा चुकला तर घाव आपल्यालाच. जिवाणूंच्या मानाने बुरशी आपल्या फार जवळची नातेवाईक आहे, आणि बुरशीविरुद्ध औषधं मोजकीच असण्याचं कारण हेच. हॅमायसिनच्या चाचण्या १९६० च्या दशकात अमेरिकेतही झाल्या. पण पोटातून ते नीट शोषलं जाईना, त्यामुळे मुख्यतः वरून लावण्यापुरतं उरलं. स्वस्त अझोल औषधं आल्यावर तेही मागे सरलं, आणि १९९० च्या दशकात कंपनी स्वतःच आजारी उद्योगांत जाऊन बसली. तिरुमलाचारांवर मराठीत कुणी एखादं पुस्तक लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

राहता राहिली ती भावाने आणलेली ट्यूब. ती डॉक्टरांनी हातात घेतली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि परत दिली. आत तीन औषधं, बुरशीचं, जिवाणूंचं आणि एक जबर स्टिरॉइड. स्टिरॉइड लाली आणि खाज दाबतं, म्हणजे शरीराने वाजवलेली घंटा बंद करतं. बुरशी आत निवांत पसरते आणि चट्ट्याचं रूपच बदलतं. याला १९६८ मध्ये आइव्ह आणि मार्क्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 'टिनिया इनकॉग्निटो' नाव दिलं, वेषांतर केलेलं गजकर्ण. लॉग लिहिणं बंद केलं म्हणून एरर जात नाही हो. मार्च २०१८ मध्ये सरकारने अशा चौदा स्टिरॉइडांची मलमं 'शेड्यूल एच'मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली. आमची ट्यूब चिठ्ठीशिवायच आली होती.

मोत्याची बुरशी निदान औषधाला दबली. माणसांमधली आता दबेनाशी झाली आहे. साधारण गेल्या दशकाच्या मध्यापासून भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना असं गजकर्ण दिसायला लागलं जे टर्बिनाफिनच्या गोळ्यांना दाद देत नाही. टर्बिनाफिन बुरशीचं एक एन्झाइम अडवतं. त्या एन्झाइमच्या प्रथिनात ठरावीक जागी एक अमिनो आम्ल बदललं की औषध तिथे बसतच नाही. एका अक्षराचा डिफ, बाकी कोड तोच. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी जपानमध्ये राहणाऱ्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांवरून या बुरशीला स्वतंत्र जातीचं नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनिए. या 'इंडो'वर भारतीय डॉक्टरांपैकी काहींनी आक्षेप घेतला, देशाचं नाव रोगाला का चिकटवायचं म्हणून. गोवा पावडरीच्या वेळी गोव्याने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही, पण ते औषध होतं.

अमेरिकेतल्या पहिल्या दोन नोंदी मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कहून आल्या. त्यातली एक बाई देशाबाहेर गेलेलीच नव्हती. टर्बिनाफिनने दोघींनाही गुण आला नाही. एक इट्राकोनॅझोलने बरी झाली. दुसरीला डॉक्टरांनी चार आठवडे ग्रिसिओफुल्विन दिलं, १९३९ सालचं, आणि तिचं पुरळ ऐंशी टक्क्यांच्या आसपास ओसरलं.